सीड बदलल्याचा आरोप

"आकडा बदलत राहिले आणि मनासारखं उत्तर आलं तेव्हा थांबले. झाली पीएच.डी."

माझे साडू आमच्या लष्कर भागातल्या प्रत्येक मुंजीत माझ्याविषयी हे सांगतात आणि पंगत हसते. ते निवृत्त अभियंता आहेत, त्यामुळे गणित आपल्याला कळते असा त्यांचा समज आहे. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

निवृत्तीनंतर मी संशोधनासाठी नाव नोंदवले. मार्गदर्शक माझीच जुनी विद्यार्थिनी होती. गणित विभागात मी तिला मॅडम म्हणे, ती मला सर. कोणी कोणासाठी उठून उभे राहायचे, हे शेवटपर्यंत ठरले नाही. प्रश्न असा होता: काही मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचे चौकोनी तक्ते, दिलेले आहेत. त्यांचे आपापसांत गुणाकार करत गेल्यावर जो गट तयार होतो, तो म्हणजे आधीच माहीत असलेला एक मोठा गट संपूर्ण आहे की त्या मोठ्या गटाचा एक तुकडा? गट इतका प्रचंड, की प्रत्येक सदस्य तपासणे अशक्य. म्हणून संगणकाने काही सदस्य यदृच्छया उचलायचे आणि त्यांत विशिष्ट गुणधर्माचे दोन शोधायचे. सापडले, तर गट संपूर्ण, निःसंशय. न सापडले, तर केवळ 'बहुधा तुकडा'. गट संपूर्ण असूनही ते न सापडण्याची शक्यता नगण्य आहे, हे माझे प्रमेय होते.

प्रबंध सादर करण्याच्या आठवड्यात मी एक उदाहरण चालवले. त्यातला गट संपूर्ण आहे हे आधीच सिद्ध होते. उत्तर आले, 'बहुधा तुकडा'. पुन्हा चालवले, तेच. दिवसभर तेच. नगण्य गोष्ट वारंवार घडत असेल, तर प्रमेयच खोटे. कंपू भागातल्या घरून विभागाकडे जाताना प्रवासी टेम्पोत सिद्धतेची एकेक ओळ मनात तपासत होतो आणि प्रत्येक ओळ बरोबर निघत होती. भीती त्याचीच होती. चूक दिसली असती तर दुरुस्त करता आली असती. उतरायची जागा मागे गेली, तेही चालकानेच सांगितले, "बाबूजी, कहाँ खोए हो?"

मॅडमनी माझा चेहरा पाहून आधी पाणी दिले. मग संगणकाच्या पडद्याकडे पाहिले.

"सर, सीड कितीचं ठेवलंय?"

"ठरलेलं. चूक शोधताना तीच निवड पुन्हा मिळावी म्हणून आपणच ठेवलं होतं."

"आणि नंतर काढलं?"

ते काढायचे राहूनच गेले होते. सीड म्हणजे यदृच्छ निवडीचा आरंभीचा आकडा. तो एकच राहिला, तर संगणक दर वेळी तेच सदस्य त्याच क्रमाने उचलतो. माझ्या सगळ्या फेऱ्या म्हणजे एकच फेरी होती.

"हे आमच्या पोरांच्या बाबतीत होतं, सर. तुम्ही तरी असं करू नका," असे म्हणून तिने आकडा बदलला. ते दोन मॅट्रिक्स लगेच सापडले.

साडूंना एवढेच कळले आहे: आकडा बदलला, उत्तर बदलले. तुकडा असलेल्या गटात ते दोन कितीही आकडे बदलले तरी सापडत नाहीत, हे त्यांना ऐकायचे नसते. मला झोप मात्र तरीही आली नव्हती. यंत्रावर विसंबून परीक्षकांपुढे उभे राहणे मला जमले नसते.

म्हणून वादाचा शेवट करणारी गोष्ट एवढीच: दिलेल्या मॅट्रिक्सचा कोणता गुणाकार केला की ते दोन मिळतात, हे प्रबंधात छापलेले आहे, आणि तोंडी परीक्षेआधी तो गुणाकार मी कागदावर, हाताने केला होता; त्याला कुठलेच सीड लागत नाही.