मामांच्या गाडीची मागची सीट

माझ्या मामांइतका हट्टी माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात दुसरा नाही. त्यांची पांढरी, चार दारांची गाडी वयानं माझ्याहून मोठी आहे आणि घरात तिचा मानही माझ्याहून मोठा. एकदा माझ्या वडिलांनी, म्हणजे घरच्या जावयानं, दार जोरात आपटलं, तर मामांनी त्यांच्याकडून ते उघडून पुन्हा हळू लावून घेतलं. पिरंगुटच्या चढावर गाडी तापली की "दम खाऊ दे तिला" म्हणत ते कडेला निवांत चहा पितात. मागच्या हॉर्नांचं त्यांना सोयरसुतक नसतं. स्टिअरिंगला दुसऱ्याचा हात लागलेला तर मुळीच खपत नाही. माले गावातल्या बहुतेक मुली सासरी गेल्या त्या याच गाडीतून, आणि चालवायला मामाच.

म्हणून त्यांच्या एकुलत्या एका लेकीच्या पाठवणीला जावईबापूंनी भाड्यानं सुपरकार आणली, तेव्हा मी मनातून घाबरलो. लालभडक, जमिनीला पोट टेकवून बसलेली. पंगत सोडून माणसं फोटो काढायला धावली. मामा मात्र हात मागं बांधून, बाजारात म्हैस पारखावी तशी तिच्याभोवती एक फेरी मारून आले.

"हिची मागची शीट कुटं हाय?"

"दोनच सीट असतात. पण तीनशेच्या स्पीडनं पळते," जावई अभिमानानं म्हणाला.

"पळून जायाचंय का तुमाला? पाठराखीण कुटं बसायची?"

नवरीसोबत पाठराखीण म्हणून सासरी जायला मामांची ऐंशी वर्षांची आत्या पिशवी घेऊन सकाळपासून तयार होती. त्यातच गाडीबरोबर आलेला ड्रायव्हर म्हणाला, "चाबी किसी को नहीं देते." म्हणजे दोनातली एक सीट त्याचीच.

"म्हंजी माझी पोरगी डायव्हरसंगं धाडायची आन् नवरदेव येष्टीनं? न्हाई जमायचं."

जावयानं नवरीकडं पाहिलं. ती शालू सावरत सरळ पांढऱ्या गाडीकडं निघाली. "मी आपल्याच गाडीतनं जाणार हाय," ती म्हणाली. बापाचा हट्ट तिच्यात पुरता उतरलाय.

मामा जिंकले होते. त्यांनी खिशातल्या रुमालानं काच पुसली, आत्याला हात धरून बसवलं, आणि चावी माझ्या हातावर ठेवली.

"तू चालव."

मी विचारलं, "आणि तुम्ही?"

"गावच्या पोरी मागं रडायच्या, तवा मी नीट पुढं बघून चालवायचो. आज मला पुढचं दिसायचं न्हाई."

संध्याकाळी परतलो तेव्हा मांडव रिकामा झाला होता आणि मामा दारातच उभे होते. मी चावी पुढं केली. त्यांनी ती घेतली नाही. मागचं दार उघडून, लेक जिथं बसली होती तिथं ते बसले आणि दार हळूच लावून घेतलं.

"धरणाकडं एक चक्कर मार. सावकाश."

गिअर बदलताना मी दोनदा खडखडाट केला. मामा काहीच बोलले नाहीत.