कार्डावरची बायको

पोस्टातून निवृत्त झाल्यावर मी घरी बसले नाही. धाराशिवला आमच्या पेन्शनरांच्या संघटनेची पत्र्याची एक खोली आहे, सायकलच्या दुकानामागं. आठवड्यातून दोनदा मी तिथं जाते आणि जुन्या पोस्टमनची, कारकुनांची सरकारी आरोग्य कार्डं करून देते. कार्ड असलं की मोठ्या रुग्णालयात उपचार होतात, पण त्याचा दवाखाना आपल्याकडं नाही, पुणं गाठावं लागतं. म्हणून पुष्कळजण आधी कंटाळा करतात आणि छातीत दुखायला लागलं की माझ्याकडं पळत येतात.

लोहाऱ्याचे अण्णा तसे पळत आले नाहीत. सकाळी येऊन बाकावर बसले, बाकीचे लोक जाईपर्यंत थांबले आणि मग हळूच म्हणाले, "ताई, कार्डात बायकोचं नाव घालायचंय."

अण्णा आमच्याच खात्यातले, पोस्टमन म्हणून रिटायर झालेले. त्यांची बायको वारली तेव्हा ऑफिसातल्या बायकांबरोबर मीही लोहाऱ्याला भेटायला गेले होते. भिंतीवरचा हार घातलेला फोटो मला चांगला आठवत होता.

"अण्णा, वहिनी तर गेल्या ना?"

"गेली. ही दुसरी." त्यांनी पिशवी पुढं सरकवली. "मागच्या महिन्यात केलं. रजिस्टर."

पिशवीत सगळं होतं. लग्नाची नोंद, आधार, फोटो, सगळ्याच्या दोन-दोन प्रती, टाचण्या लावून. माझ्याकडं येणारा एकही माणूस पहिल्या खेपेला पूर्ण कागद आणत नाही. ते बघूनच मला खटकलं. जोडीच्या फोटोत दोघं असे बसले होते की मधी तिसरा माणूस मावला असता.

"नव्या वहिनींना काही त्रास आहे का?" मी विचारलं.

अण्णा खाली बघत म्हणाले, "हार्टाची झडप खराब हाय. ऑपरेशन सांगितलंय."

मग मला सगळंच कळल्यासारखं झालं. आयुष्यभर मी काउंटरवर बसले. म्हाताऱ्या आईला हाताला धरून आणणारी आणि तिचा अंगठा आपणच दाबणारी पोरं मी बघितली होती. पोराच्या आधी आईच्या तोंडाकडं बघायची सवय मला तिथंच लागली. आजारी बाई, एकटा म्हातारा, पाठीमागं पेन्शन आणि पुढं कार्ड. हे लग्न कुणीतरी जुळवून दिलं असणार. एखादा एजंटच यात असेल असंही वाटलं.

"बघून सांगते," एवढंच मी म्हणाले.

दोन दिवसांनी अण्णांचा मुलगा आला. त्याचं कळंबला खताचं दुकान आहे. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"मॅडम, त्या बाईचं नाव तुम्ही पुढं पाठवू नका. ती खानावळवाली हाय. आमच्या अण्णांना डबा द्यायची. आई गेल्यावर डब्यातनं घरात घुसली. आता ऑपरेशन करून घेणार, अन् अण्णांच्या माघारी पेन्शन बी तिलाच."

"तुमचं त्यांच्याशी बोलणं झालं?"

"कुणाशी? तिच्याशी? म्या तिचं तोंड बी बघत न्हाय." मग म्हणाला, "अन् तुमाला यात काय मिळतं?"

माझं डोकंच तापलं. मला काही मिळत नाही, चहासुद्धा मी घरून थर्मासमध्ये आणते, असं त्याला सांगितलं. तरी तो गेल्यावर त्याचं बोलणं मनातून जाईना. बाईबद्दल तो बोलला ते मला पटत होतं, पण बोलणाऱ्याचाही भरवसा वाटत नव्हता. बापाची काळजी असलेला पोरगा आधी बापाची तब्येत विचारतो. यानं आधी पेन्शन काढली.

शेवटी मी लोहाऱ्याला गेले. न कळवता, एसटीनं. कागद पुढं पाठवायचे तर दोघं खरंच एका घरात राहतात का, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. तसं करायचा अधिकार मला कुणी दिला नव्हता.

दार तिनंच उघडलं. साठीच्या आसपासची, उंच, कपाळाला भस्माची फिकट बोटं. मी कोण ते सांगितल्यावर तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी तिला बघत होते तसंच. आत अण्णा चष्मा लावून पेपर वाचत होते. ते गडबडीनं उठायला लागले तर ती कानडीत म्हणाली, "कूडरी," आणि ते परत खाली बसले. हार घातलेला फोटो जागेवरच होता. हार मात्र ताजा होता. हे कुणासाठी, मी येणार हे कळलं होतं की काय, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

पाणी मागायच्या निमित्तानं मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. दोरीवर तिची लुगडी होती. कडक भाकऱ्यांची चळत फडक्यात बांधून ठेवली होती. कळशीतून तांब्या भरून घेतला तेवढ्यानंच तिला धाप लागली आणि ती ओट्याला धरून उभी राहिली. आजार खोटा नव्हता, एवढं नक्की.

"अण्णा चहात साखर घेतात का?" मी सहज विचारल्यासारखं केलं.

"न्हाय. शुगर हाय त्यास्नी."

"आणि झोपताना कसली गोळी घेतात?"

तिनं तांब्या खाली ठेवला. "तुमी पोस्टातल्या हाव का पोलिसातल्या?"

तीच पुढं बोलली, आवाज न चढवता. "तुमाला इचारायचंय ते इचारा की सरळ. कार्डासाठी लगीन केलं का? व्हय, कार्डासाठीच केलं."

तिनं ओट्याला टेकून दम घेतला.

"ते लई दिवसांपासनं इचारत होते. म्या नगं म्हणलं. या वयात लोक हसत्याल, त्यांचं पोरगं हाय, सून हाय. डबा देते ते बरंय. मग डॉक्टरनं झडप गेली म्हणून सांगितलं. तवा हे म्हणले, आता तर लोकाला सांगाय कारण झालं. कुणी इचारलं तर कार्डासाठी केलं म्हण. म्हणून तसं सांगते सगळ्यास्नी. तुमाला बी सांगितलं."

बाहेर अण्णांनी पेपर दुमडल्याचा आवाज आला. त्यांनी ऐकलं होतं.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून तेच घोळवत होते. इतकं सरळ उत्तर मी काउंटरवर कधी ऐकलं नव्हतं, म्हणून तेही मला आधीच तयार करून ठेवल्यासारखं वाटलं. पण लग्न कायद्यानं झालेलं होतं, दोघं एका घरात राहत होती आणि बाई आजारी होती. कार्डाला याहून जास्त काही लागत नाही. जास्त लागत होतं ते मला. दुसऱ्या दिवशी मी कागद पुढं पाठवले.

कार्ड आलं. पुण्याच्या यादीतल्या एका रुग्णालयात ऑपरेशन ठरलं. माझी मुलगी पुण्याला असते, त्या आठवड्यात मी तिच्याकडं गेले. नातवाला बघायला जाते असं घरी सांगितलं. खरं तर मला बघायचं होतं, पलंगावर तीच बाई आहे का दुसरीच कुणी.

तीच होती. छातीला पट्ट्या, नाकात नळी, डोळे मिटलेले. अण्णा शेजारच्या स्टुलावर बसून डुलक्या घेत होते, एक हात पलंगाच्या दांडीवर. मी बाहेर आले तर व्हरांड्यात कळंबचा मुलगा उभा. हातात प्लास्टिकची पिशवी. मला बघून तोही चपापला.

मला पहिल्यांदा वाटलं, जगली का गेली ते बघायला आला.

"तुमी हितं कशाला?" त्यानं विचारलं.

"तुम्ही कशाला?"

त्यानं पिशवी वर केली. "अण्णांच्या बीपीच्या गोळ्या घरी राह्यल्या. फोनवर म्हणले, तिनं आठवण करून दिली होती निघताना, अण्णाच इसरले." मग काचेतून आत बघत म्हणाला, "झालं का नीट?"

"झालं म्हणतात."

"बरं." एवढं बोलून तो आत गेला. बापाला हलवून उठवलं, गोळ्या हातात दिल्या. पलंगाच्या पायथ्याशी जरा वेळ उभा राहिला. बाईनं डोळे उघडले नाहीत, आणि त्यानंही हाक मारली नाही. स्टूल एकच होतं. थोड्या वेळानं तो बाहेरून खुर्ची उचलून घेऊन आला, आणि मी निघाले तेव्हा बापाला खुर्चीवर बसवून स्टुलावर तो बसला होता.

बाई बरी झाली. खानावळ बंद केली. जड काम करायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय, आणि ती ते पाळत नाही असं अण्णा तक्रार करतात. मुलगा तिला अजून काही म्हणून हाक मारत नाही. पण पुण्याला तपासणीला जायचं असलं की गाडी त्याचीच असते. ती मागं बसते, अण्णा पुढं. यात प्रेम किती, लाज किती आणि पेन्शनचा हिशेब किती, ते मला अजून नीट सांगता येत नाही. एकदा वाटेत ते संघटनेच्या खोलीवर थांबले होते. तिनं भाकऱ्यांचं गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं.

"हे कशाबद्दल?" मी विचारलं.

ती हसली. "घ्या. तुमाला त्यात बी काही तरी दिसतंय जनू."