जवाईबापूंचा घरी बनवलेला कूलर

चहा घ्या आधी. आणि हसायचं नाही असं कबूल करा, तरच पुढचं सांगतो. नाही, तुम्ही हसणारच, मला माहीत आहे. पण मग आधी माझं कौतुक ऐकून घ्यावं लागेल. फजिती मागून येते आहे. फुकटात कोण कोणाला हसू देतो?

तर मंडळी, नागपुरातल्या सदर भागातल्या एका ऑफिसात दिवसभर टेबलावर बसून हिशेब जुळवणाऱ्या या माणसाने स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या घरच्या पोर्चमध्ये, एका सुपरचार्जरवाल्या इंजिनाची ताकद वाढवली. वाढवली म्हणजे वाढवली! मेकॅनिकला बोट लावू दिलं नाही.

गाडी जुनी जर्मन. आमच्याच ले-आउटमधल्या एका डॉक्टरांनी वापरून वापरून सोडलेली. मी ती घरी आणली तेव्हा बायको बरेच दिवस माझ्याशी फक्त भाजीपुरतं बोलत होती. पण बोनेटखाली सुपरचार्जर होता हो! तो म्हणजे काय, हे एकदाच सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्यातच आहे. इंजिनाला हवा जास्त मिळाली की जोर जास्त. सुपरचार्जर हा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप, तो हवा दाबून दाबून इंजिनात कोंबतो. मी त्याची पुली काढून लहान पुली बसवली. लहान पुली म्हणजे फेरे जास्त, फेरे जास्त म्हणजे हवा जास्त. पण दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा इंजिनाला मानवत नाही. म्हणून मधे ती गार करणारा एक डबा असतो, त्यात पाणी फिरतं. हवा वाढवली की हा डबाही मोठा बसवावा लागतो.

त्या डब्याचं नाव इंटरकूलर. आता एवढा लांब शब्द रोज घरात कोण बोलणार? मी आपला म्हणायचो, कूलर.

इथेच माशी शिंकली.

कारण तुम्हीच सांगा, नागपुरात कूलर म्हटलं की काय डोळ्यासमोर येतं? पत्र्याची टाकी, वाळ्याच्या ताट्या आणि खिडकीत बसवलेलं ते घरघर करणारं धूड! उन्हाळ्यात आमच्या घरात त्याच्याएवढा मान कोणालाही नसतो. पाहुणा आला की पाण्याच्या आधी त्याला कूलरसमोरची खुर्ची देतात. असं असूनही माझ्या डोक्यात हा दुसरा अर्थ एकदाही आला नाही. इंजिनात माणूस शिरला की त्याचं असंच होतं.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, तेही सांगतो. सासऱ्यांसाठी! आमचे मामाजी सावनेरचे. उभा जन्म कोळसा खाणीत गेला, जमिनीखाली हवा पोचवणारे मोठमोठे पंखे सांभाळायचे. हातात पाना नसलेला पुरुष त्यांच्या हिशेबी अर्धाच. लग्नात त्यांनी माझी ओळख करून दिली ती अशी, "हे आमचे जवाई. कलमवाले आहेत." त्यात वाईट काही नाही, पण सूर असा होता की जणू मला सर्दी झाली आहे! अहो, आमच्या घराण्याने उमरेडला पिढ्यान् पिढ्या हातमाग चालवले. तुटलेला धागा न बघता जोडणारी माणसं आमची! आणि मी काय, नुसता कलमवाला? एकदा तरी मामाजींच्या तोंडून "हात आहे तुम्हाले" एवढं ऐकायचं होतं. बाकी काही नको.

होळी झाली आणि मी वंदनाला, म्हणजे बायकोला, घाबरत घाबरत विचारलं.

"मी म्हणून राहिलो होतो, यंदा मोठा कूलर लावतो. जुन्यानं आता भागत नाही."

"लावा नं! विचारून काहून राहिले? मी तं मागच्या साली बी म्हणत होती."

मी चाट! मागच्या वर्षीपासून हिला इंजिनाची काळजी?

"अन् घरीच बनवतो. सगळा."

"तुम्ही? सोता?"

"हाव."

"बरं बाप्पा. बोट-गिट नका कापून घेजा."

बायको असावी तर अशी! ऑफिसात मी लोकांना सांगत सुटलो, की आमच्या घरी इंजिनावर चर्चा चालते.

मग सामानाचं खोकं आलं. वंदनाने स्वतः उघडलं. एकेक वस्तू काढून बघितली.

"पंप आहे. पाईप आहे. जाळी आहे. पंखा कुठी आहे जी?"

"पंखा पहिलेच लागला आहे."

"मग झालाच म्हना नं!"

काम रविवारी आणि संध्याकाळी चालायचं. मार्च सरत आला, ऊन तापायला लागलं. वंदना पदराने वारा घेत पोर्चमध्ये यायची. "कूलर कधी होईन जी?" मी म्हणायचो, "झालाच समज." ती रोज विचारायची आणि माझी छाती रोज इंचभर फुगायची. नवऱ्याच्या छंदात एवढा जीव गुंतवणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

एक दिवस मी ऑफिसात असताना तिचा फोन आला.

"अहो, भंगारवाला आला आहे. तो जुना कूलर देऊन टाकू का? काहून जागा अडवून राहिला तो?"

पोर्चच्या कोपऱ्यात गाडीचा जुना इंटरकूलर पडला होता, मला तोच दिसला.

"देऊन टाक वं! नवा आला नं आता. त्याले काय पूजाचं आहे?"

संध्याकाळी घरी आलो तर जुना इंटरकूलर कोपऱ्यात तसाच! आता शहाणा माणूस काय करेल? विचारेल. मी काय केलं? मी म्हटलं, भंगारवाल्याला आवडला नसेल. कारण त्या दिवशी मला पुली बसवायची होती, आणि पुलीपुढे मला जगातलं काही दिसत नव्हतं.

मग मामाजींचा फोन आला. स्वतःहून! मला! इतक्या वर्षांत ते फोनवर माझ्याशी "वंदनाले द्या" याच्या पुढे बोलले नव्हते.

"जवाईबापू, मोठा कूलर बनवून राहिले म्हने तुम्ही?"

"हाव मामाजी. सगळा सोता."

"पानी किती पेते?"

"पेतच नाही मामाजी. तेच पाणी गोल गोल फिरते. एकडाव भरलं का काम झालं."

"आँ! रोज बालटी टाका नाही लागत?"

"नाव नाही!"

"कमाल आहे गा! अन् थंडा करते का बराबर?"

"हात पोळन अशी हवा आत जाते मामाजी, अन् थंडीगार होऊन निघते."

खाणीतले पंखे सांभाळलेला माणूस विचारात पडला होता. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

"अन् ताट्या?"

लाइन खरखरत होती, मला ऐकू आलं "पट्टा".

"नवाच टाकला मामाजी. रबरी!"

"रबरी?" मामाजींचा आवाज चिरकला. "जमाना कुठल्या कुठी गेला बाप्पा! मी येतोच पाहाले. वंदनाच्या मायलेबी आनतो."

फोन ठेवला आणि मी पोर्चमध्ये एकटाच हसलो. सासरा माझं इंजिन बघायला येतो आहे!

त्यानंतर मी जे काम केलं ना, तसं मी पुन्हा करू शकेन की नाही, देव जाणे. पाईप बसवले, एक थेंब गळला नाही. पेट्रोल आणि हवेचं गणित लॅपटॉपवर मांडलं. हिशेबाचा माणूस आहे मी, कलम तिथे कामी आली. शेवटी चावी फिरवली. बोनेटखालून एक बारीक शिट्टी निघाली, अॅक्सिलरेटर दाबला तशी ती चढत गेली, आणि मोकळ्या रस्त्यावर गाडीने मला पाठीमागे सीटमध्ये असं दाबलं की माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. वडील असायला हवे होते, असं वाटलं. त्यांचा हात माझ्यात उतरला होता आणि ते मला इतक्या उशिरा कळलं.

मामाजी आणि सासूबाई आले ते भर दुपारी. ऊन असं की पोर्चमधल्या फरशीवर पाय टेकवत नव्हता. ऑटोतून उतरताना मामाजींच्या काखेत वाळ्याच्या ताट्यांची गुंडाळी.

"रबरीनं काही होत नाही जवाईबापू," ते म्हणाले. "वाळा तो वाळाच. दाखवा आता कूलर."

वाळ्याचा आणि माझ्या इंजिनाचा काय संबंध, हे मला कळलं नाही. पण उत्साह हो! मी त्यांना गाडीपुढे उभं केलं, आणि पडदा उघडावा तसं बोनेट उघडलं.

मामाजींनी बोनेटमध्ये बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"हे तं गाडी आहे."

"हाव."

"मी कूलर म्हनून राहिलो."

"हा काय मामाजी!" मी त्या चकचकीत अॅल्युमिनियमच्या डब्यावर हात ठेवला.

तेवढ्यात वंदना बाहेर आली. "बाबा, पाह्यला का कूलर? मले तं हे सांगतच नाही कोन्या खिडकीत बसवून राहिले ते."

आता मला सांगा, माणसाच्या डोक्यात एखादी गोष्ट किती वेगाने शिरू शकते? माझ्या डोक्यात ती इतक्या वेगाने शिरली की सुपरचार्जरची गरज पडली नाही.

"वंदना," मी म्हटलं, "भंगारवाल्याले तू काय देलं वं?"

"जुना कूलर! तुम्हीच नाही का म्हनले, त्याले काय पूजाचं आहे?"

आम्ही दोघं मागच्या अंगणात धावलो. हिवाळाभर ज्या ताडपत्रीखाली आमचा कूलर झोपला होता, ती ताडपत्री छान घडी करून ठेवली होती. खाली पत्र्याच्या टाकीचा चौकोनी डाग. बस्स.

घरात सासूबाई पंख्याखाली बसल्या होत्या. पंखा छतावरची सगळी उष्णता गोळा करून त्यांच्या डोक्यावर ओतत होता. "बाप्पा बाप्पा! भट्टीच आहे वं पोरी हे!" कूलरच्या दुकानात फोन लावला तर दुकानदार म्हणाला, माणूस उद्याच येईल बसवायला. मामाजी नुसते माझ्याकडे बघत होते, आणि ती नजर मला लग्नापासून ओळखीची होती. कलमवाले!

"गाडीत एसी आहे," मी बारीक आवाजात म्हटलं.

कोणी हरकत घेतली नाही. मागे सासूबाई आणि वंदना, पुढे मामाजी, मांडीवर त्यांच्या ताट्या. निघालो. सदरला गेलो, कोराडी रस्त्याला गेलो, वळलो, परत सदरला आलो. जायचं कुठेच नव्हतं, थंड राहायचं होतं! मामाजींनी वाळ्याचा एक तुकडा तोडला, बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि एसीच्या जाळीत खोचला. गाडीभर असा वास दरवळला, की सासूबाई वंदनाच्या खांद्यावर डोकं टेकवून घोरायला लागल्या.

सिग्नलला थांबलो. बाजूला एक नवी कोरी गाडी बोनेट उघडून उभी, वाफ निघते आहे, मालक बाटलीने पाणी ओततो आहे. मामाजींनी तिकडे पाहिलं. मग वाकून माझ्या गाडीचा टेंपरेचरचा काटा पाहिला. नखाने काच टकटक वाजवली.

"काटा हलून नाही राहिला."

"नाही हलत मामाजी."

"एवढ्या उन्हात? एसी लावून? अन् इंजिनाची ताकद वाढवून?"

"मोठा कूलर आहे नं," मी म्हटलं.

त्यांनी अॅक्सिलरेटर दाबायला सांगितला. शिट्टी चढली, उतरली. खाणीत पंख्यांना कान लावून बसायचे तसं त्यांनी डोळे मिटून ती ऐकली.

"हात आहे तुम्हाले," मामाजी म्हणाले.

सिग्नल हिरवा झालेला मला दिसलाच नाही. मागून अख्खं नागपूर हॉर्न वाजवत होतं आणि मी तसाच बसलो होतो. लग्नानंतर इतक्या वर्षांनी! वाजवा म्हटलं, किती वाजवायचे तेवढे!

तेवढ्यात मामाजींचा फोन वाजला. सावनेरचे त्यांचे दोस्त, कूलर कसा आहे विचारत होते. म्हणजे गावभर सांगून आले होते तर! मी कान टवकारले.

"एक नंबर आहे गा!" मामाजी म्हणाले. "जवाईबापूनं सोता बनवला. थंडा? अरे, वंदनाची माय घोरून राहिली! ... नाही गा, बिजलीच्या लाइनवर नाही. पेट्रोलवर चालते. ... चार जनाइले पुरते. ... अन् मन झालं तं सावनेरले सोडून बी देते!"

दुसऱ्या दिवशी खिडकीत नवा कूलर बसला, मामाजींच्या ताट्या त्याला लागल्या. गाडी अजून तशीच शिट्टी घालत पळते. सावनेरला मी गेलो की आता कोणी मला कलमवाले म्हणत नाही. चौकात पारावर बसलेले म्हातारे उठून उभे राहतात, जवळ येतात आणि अगदी गंभीरपणे विचारतात, "काहो जवाईबापू, तुमचा कूलर अॅव्हरेज किती देते?"

आणि मी सांगतो हो! छाती फुगवून सांगतो. सिटीत किती, आणि हायवेला किती.