नाल्यातली भट्टी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापुढे तर मी न केलेल्या चुकाही कबूल करत आलो आहे.

दुष्काळात धुळ्याजवळच्या एका रस्त्याच्या कामावर मी ओव्हरसियर होतो. नाला कोरडा. वाळूत हातभर खड्डा खणायचा, झिरपेल ते पाणी वाटीने हंड्यात भरायचं. त्या झिऱ्यावर सगळं गाव जगत होतं. आमच्या मजूर बायाही.

डांबराची भट्टी पाण्यापासून लांब ठेवायची, हे मला शिकवलेलं होतं. ठेवलीही होती, सपाट माळावर. पण मंत्री उद्घाटनाला येणार ठरलं — रस्ता अर्धा होता, उद्घाटन पूर्ण होणार होतं — आणि मांडवाला नेमकी तीच जागा हवी झाली. मी भट्टी नाल्यात उतरवली, झिऱ्याच्या वरच्या अंगाला. दुसरी जागा नव्हती का? होती. लांब होती, इतकंच. हत्यारं रॉकेलने धुवायची आणि ते काळं रॉकेल वाळूत ओतायचं — माझ्यादेखत. वाळू सगळं पिऊन टाकायची. किती सोयीचं!

एका सकाळी गावातले म्हातारे आबा वाटी घेऊन आले.

"भाऊ, पानीले घासलेटना वास येस. काय शे हाई?"

मी वाटी नाकाशी नेली. कळलं. आणि म्हणालो — हो, मीच म्हणालो — "बाया कंदिलाचे डबे धुतात तिथं. त्यांना विचारा."

बायांकडे कंदील एकच होता, तोही कोरडा. मला ठाऊक होतं. गावानं त्यांना झिरा बंद केला. वास जाईना, तरी दोष त्यांचाच राहिला. मी भट्टी का हलवली नाही? हलवली असती, तर कबुलीच झाली असती ना.

उद्घाटनाच्या सकाळी त्या बाया काम सोडून निघाल्या. मंत्र्यांना धूळ लागू नये म्हणून टँकर रस्त्यावर पाणी शिंपडत होता. त्यांच्यातली सातपुड्याकडची सायजाबाई — दिवस भरत आलेले — टँकरपाशी थांबली. हंडा पुढे केला. ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "हे रस्त्याचं पाणी आहे."