अपडेटची सूचना कुणी बंद केली?

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

गावोगावच्या दूध संस्थांसाठी मी आणि उचगावची माझी मैत्रीण स्नेहल दुधाच्या नोंदी ठेवणारं एक सॉफ्टवेअर बनवतो. ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला; कुणीही फुकट वापरावं, बदलावं. जुन्या आवृत्तीत व्हायरस शिरेल अशी चूक सापडली, म्हणून गेल्या वर्षी नवी काढली आणि जाहीर केलं की जुनीला आता दुरुस्ती मिळणार नाही.

आज सकाळी पन्हाळ्याकडच्या एका संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन आला. "पावणं, सगळ्या नोंदी गेल्या की! सॉफ्टवेअर बसवणाऱ्यानं तुमचा नंबर दिलाय. बायका दूध घेऊन उभ्या हायत."

"म्हंजे जुनीच आवृत्ती दिसतेय. नवी का घेतली न्हाई? स्क्रीनवर सूचना येते की."

"कसली सूचना? कायबी आलं न्हाई."

आम्ही दोघं तिथं गेलो. जुन्या आवृत्तीत व्हायरस शिरलेलाच. बसवणाऱ्यानं आमची नावं काढून स्वतःचं टाकलेलं आणि सूचनाच बंद केलेली! त्याला फोन लावला, तर म्हणतो, "सूचना दिसली की गिऱ्हाईक प्रश्न विचारतं. जुन्यालाबी सपोर्ट द्या की, तुमचंच हाय!"

नाव काढताना आमचं नव्हतं व्हय?

स्नेहलनं बॅकअपमधून बऱ्याच नोंदी परत मिळवल्या आणि नवी आवृत्ती बसवली. पण आणखी कुठल्या गावात हे जुनं बसवलंय, ते तो सांगायलाच तयार नाही.

तुमच्या गावच्या डेअरीत कुठली आवृत्ती चालते, आजच विचाराल का?