खाट नंबर पाचचा हिरवा पडदा

पडदा लावून मी मागे वळले, तर हरसिंगने बायकोच्या पायातला चांदीचा वाळा उतरवायला घेतला होता.

"हे काय करता?" मी म्हटलं.

"काढून घेतो बाई. मागून पाय सुजला तं निघत नाई."

त्याचा हात लागला आणि गोमलीला झटका आला. तिची पाठ गादीवरून वर उचलली गेली. टेकलेल्या होत्या फक्त टाचा आणि डोकं. मधलं सगळं अंग कमानीसारखं ताणलेलं, दात आवळलेले, श्वास बंद. अशा वेळी नर्सला करण्यासारखं काही नसतं. ती आकडे मोजते. सतराव्या आकड्याला गोमलीचा श्वास परत आला. एक वाळा हरसिंगच्या हातात राहिला आणि दुसरा तिच्या पायात.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात मी स्टाफ नर्स होते. बारा खाटा, दोन नर्सेस आणि एक पडदा. साइड रूम एकच होती आणि तिच्यात घटसर्पाचं लेकरू होतं, म्हणून तिथे दुसऱ्या कोणाला ठेवता येत नव्हतं.

गोमली बोरी अरबच्या पलीकडच्या एका बंजारा तांड्यावरची. वय वीस-बावीस. कापसाची पऱ्हाटी निघालेल्या वावरात चालताना तुटकं खुंट तळव्यात शिरलं. घरच्यांनी जखमेत शेण आणि राख भरली. नवव्या दिवशी तिला भाकरी चावता येईना. दहाव्या दिवशी दातखीळ बसली, तेव्हा नवरा आणि सासू तिला बैलबंडीत घालून आमच्याकडे आले.

धनुर्वात म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. घाणीतले जंतू जखमेत विष तयार करतात. ते विष नसांमधून चढतं आणि मग स्नायू माणसाचं ऐकत नाहीत. त्यावर सीरम नावाचं इंजेक्शन असतं. अंगात मोकळं फिरणारं विष ते पकडतं, पण नसांमध्ये शिरलेल्या विषाला हात लावू शकत नाही. ते आपोआप उतरायला दहा-बारा दिवस लागतात. तोवर रोगी जगवायचा. नाकातून नळी घालून दूध द्यायचं, गुंगीचं औषध द्यायचं. बाकी उपचार तीनच: अंधार, शांतता आणि स्पर्श न करणं. भांडं पडलं, दार आपटलं, डोळ्यांवर उन्हाची तिरीप आली, तरी झटका येतो. एखादा झटका इतका लांबतो की श्वास परत येत नाही.

म्हणून मी पडदा आणला होता.

तो पडदा म्हणजे तीन घड्यांची लाकडी चौकट आणि तिच्यावर जाड हिरवं कापड. चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी त्यावर पांढऱ्या दोऱ्याने बायबलमधलं एक वचन भरलं होतं. मरण हा शेवट नाही, अशा अर्थाचं. दवाखान्याचा नियम होता की पडदा फक्त शेवटच्या घटकेला लावायचा. मरणाऱ्याचा मान राखला जावा, इतरांनी भिऊ नये, एवढाच हेतू होता. पण अकरा खाटांवरच्या बायका बघत असायच्या. ज्या खाटेभोवती हिरवं उभं राहिलं, तिथली बाई परत दिसली नाही, हे त्यांना पाठ झालं होतं. "तिले हिरवं लागलं" असं त्या हळूच एकमेकींना सांगायच्या. हरसिंग वॉर्डात येऊन तास झाला नव्हता, पण हे त्याला कोणीतरी आधीच सांगितलं होतं.

"बाई, खरं सांगा. हिरवं लावलं मंजे आटपलं ना?"

"नाही. तिला अंधार पाहिजे म्हणून लावलं."

"मंग त्यावर लिवलं काय हाय?"

इथे मी चूक केली. माझे वडील आठवडी बाजारात धर्माची पत्रकं वाटायचे. मुळाक्षरं मी त्या पत्रकांवरच गिरवली. पुढे मी स्वतःही पत्रकं लिहू लागले. जातीवर, दारूवर, मरणाच्या भीतीवर. एप्रनच्या खिशात दोन-चार कायम असायची. कोणी विचारलं की वाक्यं तयार असत. मी हरसिंगला त्या वचनाचा अर्थ नीट समजावून सांगितला. मरणाला भिऊ नका, देव मरणाऱ्याला सोडत नाही, वगैरे.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मंजे मरनारच ना ते," तो म्हणाला. "जगनाऱ्याले असं कायले सांगतात?"

मी पडद्याची घडी सरळ करू लागले.

त्याच्या आईने, वॉर्डाच्या दारात बसलेल्या म्हातारीने, हे ऐकलं आणि रडणं सुरू केलं. तांड्यावरच्या बायका रडताना गातात. मेलेल्या माणसाचे गुण एकेक करून सुरात सांगतात. पहिल्याच ओळीला गोमलीची पाठ उचलली गेली. या खेपेला मी एकवीसपर्यंत मोजलं.

"याडी, चूप," हरसिंग आईला म्हणाला. मग मला म्हणाला, "ऊन उतरलं की बंडी जुपतो. मरनारच हाय तं आपल्या लोकाईत मरू द्या."

बंडीचे धक्के, उघडं आभाळ, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा. ती अर्ध्या वाटेतच गेली असती. म्हणजे पडदा ठेवला तर नवरा तिला घेऊन जाणार आणि काढला तर उजेड तिला मारणार. चादर बांधून पाहिली. खिडकीतून गरम वारा यायचा, चादर फडफडायची, आणि तेवढ्यानेच दोन झटके आले.

दुपारी मोठ्या मिसबाई राउंडला आल्या. आमच्या मेट्रन. परदेशी, पण मराठी आमच्यापेक्षा शुद्ध.

"सिस्टर, हा पडदा पाचव्या खाटेस का? डॉक्टरसाहेब म्हणाले, येसाबाईंची वेळ जवळ आली आहे. तो चौथ्या खाटेस लावा."

चार नंबरच्या खाटेवर येसाबाई होती. तीस वर्षं ती गावोगाव पायी फिरून बायकांना शुभवर्तमान सांगायची. बाजारात माझे वडील पत्रकं वाटायचे आणि ती झाडाखाली बायका गोळा करायची. तिच्या पोटात गाठ होती आणि सकाळपासून नाडी हाताला धड लागत नव्हती.

"मिसबाई, पडदा एकच आहे. पाच नंबरला अंधार नसेल तर ती मरेल."

"चादर बांधा."

"बांधली होती. फडफडते."

"ज्या बाईने आयुष्यभर देवाची सेवा केली, तिला आपण उघड्यावर मरू द्यायचे?"

"जी जगू शकते तिला मरू द्यायचं आणि जिला जायचंच आहे तिला झाकायचं, ही कसली सेवा?" मी म्हटलं. आवाज चढला होता. गोमलीला झटका आला, तो माझ्या आवाजाने. ते मी अजून विसरलेली नाही.

मिसबाईंनी ओठावर बोट ठेवलं. झटका ओसरेपर्यंत त्या आणि मी दोघी आकडे मोजत उभ्या होतो. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते.

"सुमे," चार नंबरवरून मला हाक आली.

येसाबाईला बोलायला कष्ट पडत होते. आम्ही दोघी वाकलो.

"तो पडदा तिच्यापाशीच राहू दे. मले कायले पाह्यजे?"

"येसाबाई, तो आपला मान आहे," मिसबाई म्हणाल्या.

"मिसबाई, तीस वर्सं मी बायकाईले सांगत फिरली, मरनाले भ्याचं नाई. आता माही पाळी आली, तं तुमी मले झाकून राह्यले?"

येसाबाईने डोळे माझ्याकडे वळवले.

"अन हे सुमी. बापासारखीच बोलते, मोठ्यानं. अवं, त्या पोरीले आइकू जाते ना."

मिसबाईंनी येसाबाईची चादर नीट केली. "ठीक आहे," एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. पडदा पाच नंबरलाच राहिला. हरसिंगला मी सकाळपर्यंत थांबायची विनंती केली. तो थांबला तो माझ्या शब्दावर नाही. एका बैलाचा खूर दुखावला होता.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला चर्चचे पाळकसाहेब आले. बरोबर मंडळीतली आठ-दहा माणसं आणि एक पेटी. आमच्यात अशी रीत आहे की कोणी जायला टेकलं की त्याच्याभोवती उभं राहून गीतं म्हणायची. माणूस गाण्याच्या सोबतीने जातो. येसाबाईने अशी कितीतरी माणसं पोचवली होती. तिचा आवाज सगळ्यांत वर असायचा. या गाण्याचा हक्क कोणाचा असेल तर तो तिचाच होता.

मी पाळकसाहेबांना दारातच गाठून पाच नंबरचं सांगितलं.

"अगदी हळू म्हणू," ते म्हणाले. "तिला गाण्याशिवाय कसं पाठवायचं?"

मला नाही म्हणता येईना. आदल्या दिवशी ओरडले होते. आता बाजूला सरले. त्यांनी पेटी खाली ठेवून भाता उघडला.

येसाबाईने उशीवरचा हात उचलला. तेवढ्यालाही तिला वेळ लागला.

"गाऊ नका," ती म्हणाली. "पोरीले झटका येते."

"येसाबाई, एकच कडवं."

"मले तं सारी पाठ हायत. तुमी नुसते उभे राहा."

ते उभे राहिले. कोणी आवाज केला नाही. पाळकसाहेबांचे ओठ हलत होते, मंडळीतल्या बायकांचे हलत होते. दहा माणसं ओळीने उभी राहून न ऐकू येणारं गाणं म्हणत होती.

येसाबाईचं मरण पत्रकात लिहितात तसं नव्हतं. ते सांगितलं पाहिजे, कारण तसलं मी स्वतः लिहिलं आहे. ती शांत पडून राहिली नाही. तिला वेदना होत्या. "लई दुखते व माय" असं ती तीन-चारदा म्हणाली. एकदा तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले. "सोडू नको" म्हणाली. भ्याली होती. मग विचारलं, "पोरगी हाय ना?" मी हो म्हटलं. "बरं," म्हणाली. थोड्या वेळाने पाणी मागितलं, दोन चमचे घेतलं, आणि अकरा वाजायच्या आत गेली. सगळा वॉर्ड बघत होता. एकाही बाईने तोंड फिरवलं नाही.

हरसिंग दारात उभा होता. सगळे येसाबाईला घेऊन बाहेर गेल्यावर तो माझ्याजवळ आला.

"ते बाई तुमच्यातलीच ना?"

"हो."

"तिनंच गाऊ नाई देल्लं?"

"हो."

"आमच्या गोमलीसाठी?"

"हो."

तो पडद्याकडे बघत राहिला. "बाहेरची गेली," तो म्हणाला. "आतली हाय."

दारात त्याची आई बसली होती. तो तिच्याशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलला. म्हातारीने पदराचा बोळा तोंडात धरला आणि त्यानंतर तिचा आवाज मी ऐकला नाही. बैल त्याने गावातल्या ओळखीच्या माणसाकडे बांधले आणि स्वतः पडद्याच्या बाहेर जमिनीवर बसला. कोणी भांडं घेऊन आलं की हात आडवा करायचा. खुद्द मिसबाईंना त्याने बूट काढायला लावले. त्यांनी काढले.

खिशात पत्रकं होती. मी त्याला दिली नाहीत. त्याला वाचता येत नव्हतं, हे काही कारण नव्हतं.

दवाखान्यात आल्यापासून अकराव्या दिवशी झटके कमी झाले. तेराव्या दिवशी गोमलीचं तोंड दोन बोटं उघडलं. दवाखान्यात तोंड उघडल्यावर तिने पहिली चौकशी केली ती अशी: "माहा दुसरा वाळा कुठी हाय?"

हरसिंगने धोतराची गाठ सोडून तो काढून दिला. तेरा दिवस तो त्याच्या कमरेला होता.

साइड रूममधलं घटसर्पाचं लेकरू त्याच आठवड्यात गेलं. त्याच्यासाठी आम्ही कमी प्रार्थना केली नव्हती. देवाची दया अपार आहे, असं मी लहानपणापासून छापील वाचत आले आणि मानते. पण ती एका खाटेवर दिसते आणि भिंतीपलीकडे दिसत नाही, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. जे सहज उत्तर देतात त्यांनी एकदा त्या लेकराच्या आईसमोर ते द्यावं. येसाबाई असती तर म्हणाली असती, मोठ्यानं बोलू नको. म्हणून इथेच थांबते.

महिनाअखेरीला मी स्टोअरला मागणीचा कागद लिहिला: पडदे, दोन, साधे. मिसबाई सहीला थांबल्या.

"साधे म्हणजे? वचन नको?"

"वचन भिंतीवर लावा, मिसबाई. दारासमोर. सगळ्यांना दिसेल असं. नुसत्या मरणाऱ्यांना नको."

त्यांनी सही केली. पडदे यायला पाच महिने लागले. तोवर तो हिरवा पडदा आम्ही मुद्दाम सगळ्यांना लावला; ड्रेसिंगला, अंग पुसायला, एकदा तर बाळंतिणीला डिंकाचा लाडू खाताना शेजारणीची नजर लागू नये म्हणून. पहिले काही दिवस बायका रडल्या. मग म्हणू लागल्या, "मलेही लावा ना हिरवं."

यातून नर्सने शिकायचं ते एवढंच. नव्या वॉर्डात रुजू झालात की औषधांच्या कपाटाआधी पडदे मोजा. एकच असेल तर त्याच दिवशी मागणी लिहा.