चिमटीतलं एरंडेल

कल्याण स्टेशनात गाडीच्या चाकांना एरंडेल घालणारा एक माणूस मला शाळेत शिकवायला जाताना रोज भेटे. बोलताना तो तेलाचा थेंब चिमटीत चोळत राही. थेंब दिसेनासा झाला तरी म्हणे, "हाय अजून. कनावरून कन सरकतोय, म्हनून लोखंडाला लोखंड टेकत नाय."

गाडीच्या दुसऱ्या बाजूला त्याचा भाऊ तेल घाली. दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं.

एकदा घाटात जाणाऱ्या गाडीचं एक चाक भाऊ विसरला, ते याला चाकांमधून दिसलं. हा गाडीखालून पलीकडे गेला आणि मुकाट्याने तेल घालून आला.

"भावाला हाक का नाही मारलीस?" मी विचारलं.

तो चिमटी चोळत राहिला. "एका चुलीचं जेवतो आमी, मास्तर. बोललो असतो तर लोखंडाला लोखंड कधीच टेकलं असतं."